विश्लेषण : ग्रॅव्हल बायकिंगला लागणारा वाहनमुक्त रस्ता चुडाव्याच्या शिवारात आहे, पण नकाशावर की जमिनीवर?

जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात ‘पुणे ग्रँड टूर’ ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. ४३७ किलोमीटरच्या या शर्यतीसाठी घाटमाथ्यापर्यंतचे रस्ते नव्याने डांबरी झाले. शर्यतीच्या सायकलचे टायर जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर रुंद असतात, त्यांना खड्डा परवडत नाही. मात्र याच काळात जगभरातील हौशी सायकलस्वारांचा मोठा वर्ग उलट्या दिशेने निघाला आहे. त्यांना डांबर नको आहे. खडीचा, मुरमाचा किंवा मातीचा, शेतातून किंवा जंगलातून जाणारा आणि मागून हॉर्न ऐकू न येणारा रस्ता त्यांना हवा आहे. या प्रकाराला ‘ग्रॅव्हल बायकिंग’ म्हणतात.

चुडावा हे परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील गाव. नांदेड आणि पूर्णा जंक्शन यांच्या मधले छोटे रेल्वे स्थानक, एवढीच त्याची ओळख बाहेरच्यांना असते. या गावाचे नाव सायकल पर्यटनाशी जोडले तर गावातलेच लोक हसतील. पण ग्रॅव्हल बायकिंगला जे लागते ते इथल्या प्रत्येक शिवारात आहे. सरकारी कागदावर त्याला पाणंद म्हणतात. लोक पांदण, शिवरस्ता किंवा गाडवाट म्हणतात. अडचण वेगळीच आहे.

ग्रॅव्हल बायकिंग म्हणजे नेमके काय?

रोड सायकल आणि माउंटन बाइक यांच्या मधली ही सायकल. हँडल शर्यतीच्या सायकलसारखे खाली वळलेले, ब्रेक डिस्कचे, टायर साधारण ३८ ते ५० मिलिमीटर रुंद. टायरमधील हवा कमी ठेवतात, त्यामुळे खडीवर चाक उडत नाही, पकड राहते. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया या गावी २००६ मध्ये शेतरस्त्यांवरची २०० मैलांची शर्यत सुरू झाली. आज ती ‘अनबाउंड ग्रॅव्हल’ या नावाने ओळखली जाते. २०२२ मध्ये इटलीत या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. हौशी मंडळींना मात्र शर्यतीशी फार देणेघेणे नसते. ट्रकच्या धास्तीशिवाय दिवसभर सायकल चालवता यावी, हे या प्रकाराचे खरे आकर्षण आहे.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. महागडी सायकल घेतली नाही तरी चालते. रुंद टायरची कोणतीही दणकट सायकल मुरमावर चालते. आपल्याकडे दूधवाल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हेच केले आहे, फक्त त्याला नाव नव्हते.

चुडावा परिसरात असे रस्ते कोणते?

तीन प्रकारचे आहेत, आणि तिन्हींचे मालक वेगळे आहेत.

पहिला, रेल्वे रुळांच्या कडेने जाणारा कच्चा रस्ता. चुडावा हे परभणी-मुदखेड या दुहेरी झालेल्या मार्गावर येते आणि दुहेरीकरणाच्या कामासाठी रुळांच्या बाजूने वाटा पडल्या. मोबाइलवर उपग्रह नकाशा उघडला की त्या सरळ, मोकळ्या, मोहात पाडणाऱ्या दिसतात. पण ती रेल्वेची हद्द आहे. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४७ नुसार तिथे विनापरवानगी शिरणे हा गुन्हा असून सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हा पर्याय इथेच संपतो.

दुसरा, कालव्याच्या भरावावरील रस्ता. येलदरी आणि सिद्धेश्वर या धरणांचा पूर्णा प्रकल्प हिंगोली, परभणी आणि नांदेड जिल्ह्यांतील शेतीला पाणी देतो. कालव्याच्या पाहणीसाठी भरावावर वाट ठेवलेली असते. चढ नाही, वळणे सौम्य, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला केळी, हळद किंवा ऊस. सायकलसाठी याहून चांगली रचना कोणी मुद्दाम केली नसती. पण हा सार्वजनिक रस्ता नव्हे, ती जलसंपदा विभागाची मालमत्ता आहे. गावातली माणसे रोज ये-जा करतात म्हणून बाहेरून आलेल्या वीस जणांच्या गटालाही तो हक्क मिळतो, असे होत नाही. आवर्तन सुरू असताना तर भरावाच्या ओल्या कडेवर चाक घसरले की थेट कालव्यात.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रकार म्हणजे पांदण. गावाला शिवाराशी आणि एका शिवाराला दुसऱ्याशी जोडणाऱ्या या वाटा. त्यावर चारचाकी क्वचित येते. आली तरी ट्रॅक्टर.

‘वाहनमुक्त’ हा शब्द मात्र इथे जपून वापरावा लागेल. सायकलला उत्तम असलेले नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच महिने ऊसतोडीचे आहेत. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर समोरून आला तर पांदणीत त्याला आणि सायकलला एकत्र जागा नसते. बाजूला व्हायचे सायकलनेच. तो मालाने भरलेला असतो आणि त्याची ती वाट असते.

काळ्या मातीत ग्रॅव्हल कुठून येणार?

खरी तांत्रिक अडचण इथे आहे, आणि सिव्हिलची पदवी मला बातमीसाठी फारशी उपयोगी पडत नसली तरी या परिच्छेदासाठी पडली.

गोदावरी खोऱ्यातील काळी माती मॉन्टमोरिलोनाइट या चिकणमातीच्या खनिजाने समृद्ध असते. पाणी शोषून ती फुगते, वाळली की आक्रसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. रस्त्याखालच्या मातीची ताकद मोजण्यासाठी प्रयोगशाळेत सीबीआर चाचणी करतात. त्यासाठी मातीचा नमुना चार दिवस पाण्यात बुडवून ठेवतात आणि मग त्यावर भार देतात. काळ्या मातीचा आकडा बहुतेक वेळा दोन ते चार टक्क्यांच्या घरात येतो, म्हणजे चांगल्या दाबलेल्या खडीच्या तुलनेत जवळपास काहीच नाही. म्हणूनच काळ्या रानातला रस्ता डांबरी असला तरी लाटेसारखा होतो. मातीचा असला तर पहिल्या मोठ्या पावसात तो रस्ता राहतच नाही.

सायकलवर याचा अर्थ काय होतो, ते गेल्या ऑक्टोबरात कळले. पाऊस थांबून दोन दिवस झाले होते, वरून माती कोरडी दिसत होती. चुडाव्याच्या शिवारात चारशे मीटरही गेलो नसेन, तोच टायर आणि फ्रेम यांच्या मधल्या फटीत माती इतकी बसली की चाक फिरेना. सायकल खांद्यावर घ्यावी म्हटले तर तिचे वजन मातीने दीडपट झालेले. बांधावरच्या एका आजोबांनी काडीने माती काढायला मदत केली आणि दिवाळी झाल्यावर या, असे सांगितले. सायकल कंपन्यांच्या माहितीपत्रकात ‘टायर क्लिअरन्स’ म्हणून जो आकडा असतो, त्याचा अर्थ त्या दिवशी नीट समजला.

ज्या पांदणीवर मुरूम पडला आहे तिथे चित्र बदलते. मुरमाचा दाबलेला थर पाणी खालच्या मातीपर्यंत जाऊ देत नाही, पण त्यासाठी रस्त्याला मधून फुगवटा आणि दोन्ही बाजूंना चारी लागते. इंडियन रोड्स काँग्रेसने खास मुरूम-खडीच्या रस्त्यांसाठी २००८ मध्ये वेगळी नियमपुस्तिका काढली आहे. अशा रस्त्याला डांबरी रस्त्यापेक्षा जास्त उतार द्यावा लागतो, साधारण चार टक्के. म्हणजे तीन मीटर रुंदीच्या पांदणीचा मध्य कडेपेक्षा सहा सेंटिमीटर उंच हवा. प्रत्यक्षात बहुतेक पांदणी उलट्या असतात: वर्षानुवर्षे चाकांनी खोल गेलेल्या आणि दोन्ही बाजूंच्या शेतांपेक्षा खाली. पावसात पांदण ओढ्यासारखी वाहते, कारण आकाराने ती ओढाच झालेली असते. टिप्परने आणून ओतलेला मुरूम पसरून, पाणी मारून, रोलर फिरवला नाही तर एका पावसाळ्यात तो खाली गडप होतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा ‘काम’ निघते.

काट्यांचेही सांगून टाकतो. बाभळीचा काटा आणि सराटा यांच्यापुढे साधी ट्यूब टिकत नाही. ट्यूबलेस टायर आणि त्यातले सीलंट, किंवा किमान दोन जादा ट्यूब, एवढी तयारी हवीच.

मग जंगल कुठे आहे?

परभणीत जवळपास नाही. जिल्ह्यातील वनाच्छादन एक टक्क्याच्या आसपास आहे. राज्यातील सर्वांत कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांत परभणीची गणना होते. चुडाव्याहून जंगल गाठायचे तर नांदेड, मुदखेडमार्गे किनवटकडे जायला हवे. किनवट-माहूरचा सागवनांचा पट्टा, सहस्रकुंडचा धबधबा, यवतमाळ-नांदेडच्या सीमेवरील पैनगंगा अभयारण्य हा मराठवाड्याच्या कडेचा खरा जंगलभाग. सायकल रेल्वेच्या पार्सल डब्यात टाकून तिथपर्यंत जाता येते.

पण जंगलातला मोकळा रस्ता म्हणजे सायकलसाठी मोकळा रस्ता नव्हे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम २७ आणि २८ नुसार अभयारण्यात प्रवेशासाठी परवानगी लागते. राखीव वनात भारतीय वन अधिनियम १९२७ लागू होतो. सायकलला सरसकट बंदी आहे असेही नाही. राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात भाड्याच्या सायकलवर पक्षी पाहत फिरतात. बोरिवलीच्या संजय गांधी उद्यानातही सायकली मिळतात. फरक प्राण्यांचा आहे. केवलादेवमध्ये बगळे आणि करकोचे आहेत. टिपेश्वर-पैनगंगा पट्ट्यात वाघ आहेत. टिपेश्वरमधून २०१९ मध्ये निघालेला ‘टी१-सी१’ हा रेडिओ कॉलर लावलेला वाघ नांदेड, हिंगोलीसह अनेक जिल्हे ओलांडत बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याची एकूण भटकंती सुमारे ३,००० किलोमीटर भरली, आणि त्यातला मोठा भाग शेतशिवारातून, नाल्यांच्या कडेने झाला. वाहनमुक्त वाट शोधणारे फक्त सायकलस्वार नसतात.

बंद पडलेल्या रेल्वेमार्गाचे काय?

परदेशात अशा मार्गांचे सायकलपथ झाले आहेत. अमेरिकेतील मिसुरी राज्यातला केटी ट्रेल सुमारे ३८६ किलोमीटरचा आहे आणि त्यावर चुनखडीची बारीक खडी आहे. न्यूझीलंडमध्ये ओटागोचा १५२ किलोमीटरचा मार्ग २००० मध्ये खुला झाला. स्पेनने जुन्या रेल्वेमार्गांचे ‘हिरवे मार्ग’ केले.

आपल्या पूर्णा जंक्शनलाही असा धागा जोडलेला आहे. इथून हिंगोली, वाशीम, अकोला आणि पुढे खंडव्यापर्यंत मीटरगेज जात असे. पूर्णा-अकोला टप्पा २००८ मध्ये ब्रॉडगेज झाला. अकोल्याच्या पुढे अकोट ते खंडवा भागातली छोटी गाडी २०१७ मध्ये थांबली. तो मार्ग मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जातो; धुळघाटजवळ रूळ स्वतःलाच वळसा घालून वर चढायचे, ते पाहायला लोक मुद्दाम त्या गाडीने जात. रुंदीकरण जुन्याच मार्गाने करायला वन्यजीव अभ्यासकांनी विरोध केला आणि नवा मार्ग व्याघ्र प्रकल्पाबाहेरून नेण्याचे ठरले. कागदावर पाहिले तर महाराष्ट्रातला सर्वांत देखणा ग्रॅव्हल मार्ग हाच ठरला असता. मला मात्र तो होऊ नये असे वाटते. गाडी वाघांसाठी हटवून तिथे पर्यटक न्यायचे, हे कोणत्याच हिशेबात बसत नाही.

म्हणजे फिरून आपण पांदणीपाशीच येतो.

पांदण नेमकी कोणाची?

गावनकाशात ती सर्वांची असते. जुन्या मोजणीच्या नकाशांवर गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने, तर पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरली जाते. हे नकाशे आता राज्य सरकारच्या ‘महाभूनकाशा’ संकेतस्थळावरही पाहता येतात.

जमिनीवर गोष्ट वेगळी होते. दरवर्षी नांगराचे एक तास पांदणीकडे सरकते. दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा फूट म्हटले तरी सव्वाआठ फुटांची वाट आठ-नऊ वर्षांत संपते. मग ज्याचे शेत शेवटी आहे त्याचा माल अडकतो. बहुतेक गावांत याच कारणावरून दोन घरे एकमेकांशी बोलत नाहीत आणि तहसीलमध्ये रस्त्याची प्रकरणे साठत राहतात.

कायदे जुने आहेत. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ नुसार वहिवाटीच्या रस्त्यातील अडथळा तहसीलदार हटवू शकतात. मात्र अडथळा आल्यापासून सहा महिन्यांत दावा करावा लागतो. रस्ताच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४३ नुसार बांधावरून नवा रस्ता मागता येतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये राज्याने ‘मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना’ आणली आणि ही कामे रोजगार हमीतून घेण्याचे ठरवले. त्यात मजुरी आणि साहित्य यांचे प्रमाण ६०:४० राखावे लागे. मुरूम-खडीच्या रस्त्यात मात्र खर्च साहित्यावरच होतो, म्हणून इतर कामांच्या मजुरीशी त्याचा मेळ घालण्याची कसरत गावोगावी झाली. मे २०२५ च्या शासन निर्णयाने आणखी एक पाऊल टाकले: शेतरस्ता किमान तीन मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात व्हावी.

ही शेवटची तरतूद कोरडी वाटते, पण माझ्या मते सर्वांत मोठी आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९४९ च्या कायद्याने गावोगावच्या पायवाटा अधिकृत नकाशावर नोंदवायला सुरुवात झाली आणि १९६८ मध्ये घोड्यांच्या वाटांवर सायकलला कायदेशीर परवानगी मिळाली. तिथे आज सायकलस्वार कोणाच्याही शेतातून निर्धास्त जातो तो नोंदीच्या जोरावर. आपल्याकडे वहिवाट म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत असते आणि जमीन विकली गेली की आठवणही जाते.

शेतकरी आणि सायकलस्वार एकाच बाजूला आहेत का?

अतिक्रमणाच्या प्रश्नावर, हो. रस्त्याच्या पृष्ठभागावर मात्र नाही.

इटलीतील टस्कनीत पांढऱ्या खडीचे जुने रस्ते डांबराखाली जाऊ लागले, तेव्हा ते वाचवण्यासाठी १९९७ मध्ये ‘ल’एरोइका’ ही जुन्या सायकलींची फेरी सुरू झाली. पुढे त्याच रस्त्यांवर व्यावसायिक शर्यत आली आणि पर्यटनही. आपल्याकडचे काही सायकलप्रेमी हे उदाहरण देऊन ‘पांदणी कच्च्याच ठेवा’ असे सुचवतात. चुडाव्यात उभे राहून हे म्हणता येणार नाही. सोयाबीन काढणीला हार्वेस्टर आत येत नाही म्हणून ज्याचे पीक परतीच्या पावसात भिजते, त्याला कच्च्या वाटेचे सौंदर्य सांगणे क्रूरपणाचे आहे. बाळंतीण शेतवस्तीवर असेल तर आणखीच.

आणि इथे रोज सायकल चालवणारे कोण आहेत, तेही पाहायला हवे. मानव विकास कार्यक्रमातील तालुक्यांमध्ये आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकलचे अनुदान मिळते. वाडी-वस्तीवरून मोठ्या गावच्या शाळेत जाणारी ती मुलगी हीच या भागातली खरी ग्रॅव्हल सायकलस्वार. जुलैमध्ये सायकल घरी राहते आणि ती चिखलातून चालत येते, किंवा येत नाही. तिला मुरूम हवा आहे, चारी हवी आहे, ओढ्यावर एक पाइप टाकलेला हवा आहे. नीट दाबलेला, उतार दिलेला मुरमाचा रस्ता तिलाही पुरतो, ट्रॅक्टरलाही आणि नांदेडहून रविवारी येणाऱ्या हौशी माणसालाही. डांबर किंवा सिमेंट काँक्रीट प्रत्येक पांदणीत परवडणारही नाही आणि काळ्या मातीवर पातळ डांबर टिकणारही नाही.

नव्या महामार्गांचा यात काय संबंध?

मोठा आहे, पण त्याची चर्चा कमी होते. जालना-नांदेड हा १७९ किलोमीटरचा द्रुतगती महामार्ग परभणी जिल्ह्यातून जाणार आहे. शक्तिपीठ महामार्गाच्या आखणीतही जिल्हा आहे आणि त्याला इथल्या शेतकऱ्यांचा विरोध आहे. असा महामार्ग दोन्ही बाजूंनी बंदिस्त असतो. समृद्धीवर दुचाकीलाही प्रवेश नाही, सायकल दूरच. भरपाईची चर्चा एकरावर होते. पण ज्या पांदणी या भरावाने मधोमध कापल्या जातील त्यांचे काय? भुयारी मार्ग दोन किलोमीटरवर असेल तर दोनशे मीटरवरचे शेत चार किलोमीटर लांब जाते. नकाशावर पांदणीची नोंदच नसेल, तर भुयारी मार्ग मागायचा तरी कशाच्या आधारावर? आखणीच्या टप्प्यावर ही रेषा कागदावर असणे आणि नसणे यात पुढच्या पन्नास वर्षांचा फरक पडतो.

प्रत्यक्ष जायचे असेल तर?

डिसेंबर ते फेब्रुवारी, सकाळी लवकर. मार्चनंतर ऊन आणि धूळ, जूननंतर चिखल. गुगल मॅप्सवर पांदणी फारशा दिसत नाहीत. उपग्रह चित्र आणि महाभूनकाशा शेजारी ठेवून मार्ग आखावा. गट चार-पाच जणांचाच असावा. पिकात सायकल घालू नये, फवारणी सुरू असेल तर थांबावे आणि वाटेत दिसणाऱ्या माणसाला विचारून पुढे जावे. पूर्णा नदी याच तालुक्यात गोदावरीला मिळते, त्यामुळे नदीकाठच्या वाटा मोहक आहेत. पण काठची माती सर्वांत जास्त चिकट.

डिसेंबरात मी पुन्हा गेलो. या वेळी नकाशाची छपाई सोबत होती. एकेरी तुटक रेषा गावापासून निघून एका ओढ्यापर्यंत येते आणि ओढा ओलांडून पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत जाते. ओढ्यापर्यंत सायकलवर नीट पोहोचलो. पलीकडे, जिथे रेषा पुढे जायला हवी होती, तिथे या बांधापासून त्या बांधापर्यंत तूर उभी होती.